फॅट ३.५५ आणि पावतीवर ३.५ : सी भाषेत दशांश संख्येची स्ट्रिंग करताना

दोन शेतकरी पाठोपाठ डेअरीवर आले. पहिल्याच्या दुधाला ३.४५ फॅट लागली, दुसऱ्याच्या ३.५५. यंत्रावरचे आकडे दोघांनीही पाहिले होते. पावत्या निघाल्या तर दोन्हींवर ३.५. दुसरा म्हणाला, "माझी एक पॉइंट जास्त लागली होती की!" तो बरोबर होता; ०.१ फॅट म्हणजे एक पॉइंट. पावती छापणारा प्रोग्रॅम माझा होता आणि त्यात मी एवढंच सांगितलं होतं की एक दशांश स्थळ दाखव.

सी शिकताना संख्येची स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची माळ, करणं ही दहा मिनिटांची गोष्ट वाटते, आणि तेवढ्या वेळात कामापुरतं जमतंही. पण फ्लोट किंवा डबल (दशांश संख्या ठेवायचे सी चे दोन प्रकार) अक्षरांत आणताना किती अंक दाखवायचे, पुढचे कुठे टाकायचे आणि जागा किती ठेवायची हे तीन निर्णय आपल्याला घ्यावे लागतात. आपण ते घेतले नाहीत तर सी ची लायब्ररी (तयार फंक्शनांचा संच) आपल्या वतीने घेते. पुढच्या पायऱ्या मी त्या पावतीच्याच आधाराने सांगतो.

एक गोष्ट आधी. फोनवर मित्राला कोड सांगताना आपण "टक्का, पॉइंट, दोन, एफ" असं म्हणतो, तसा इथला कोड देवनागरीत लिहिला आहे. तुमच्या एडिटरमध्ये फंक्शनची नावं, फॉरमॅटची अक्षरं आणि अंक नेहमीच्या रोमन कीबोर्डनेच टाका. (व्हेरिएबलचं नाव मात्र जीसीसी या कम्पायलरच्या १० व्या आवृत्तीपासून खरोखर देवनागरीत देता येतं. हौस म्हणून एकदा करून बघा. ऑफिसच्या कोडमध्ये नको.)

पायरी १ : कास्ट करून स्ट्रिंग होत नाही

नवखा माणूस पहिल्यांदा हेच करून बघतो. डबलच्या पत्त्याला कॅर पॉइंटर म्हणून कास्ट करायचं, म्हणजे तिथे अक्षरं आहेत असं कम्पायलरला सांगायचं, आणि स्ट्रिंग छापणाऱ्या "%एस"ने छापायचं. मीही केलं होतं. ३.५ छापायला गेलो आणि पडद्यावर काहीच आलं नाही.

का आलं नाही ते पाहण्यासारखं आहे. डबल म्हणजे ६४ बिट, आठ बाइट. त्यात एक बिट चिन्हाचा, ११ बिट घाताचे, ५२ बिट अपूर्णांकाचे. ही मांडणी आयईईई ७५४ या १९८५ च्या मानकातली. इंटेलच्या प्रोसेसरवर ३.५ चे आठ बाइट मेमरीत असे बसतात: सहा शून्यं, मग १२, मग ६४. सी ची स्ट्रिंग शून्य बाइट दिसला की संपते. इथे पहिलाच बाइट शून्य, म्हणजे "%एस"च्या लेखी ही रिकामी स्ट्रिंग. मेमरीत '३', '.', '५' ही अक्षरं कुठेच नाहीत. ती कुणीतरी आकडेमोड करून तयार करावी लागतात.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे डबल देऊन पूर्णांकाचं "%डी" लिहिणं. ६४ बिटच्या लिनक्सवर दशांश संख्या वेगळ्या रजिस्टरमधून जाते आणि "%डी" पूर्णांकाच्या रजिस्टरमध्ये बघतं. तिथे जो कचरा पडला असेल तो छापला जातो, दर वेळी निराळा. जीसीसीला "-वॉल" हा पर्याय दिलात तर तो ही चूक लगेच दाखवतो. "-वॉल"शिवाय सी लिहिणं म्हणजे हेल्मेट डिकीत ठेवून गाडी चालवणं.

पायरी २ : जागा आधी, मग एसएनप्रिंटएफ

अक्षरं तयार करायचं काम प्रिंटएफच्या घराण्यातली फंक्शनं करतात. पडद्याऐवजी बफरमध्ये (अक्षरांसाठी राखलेल्या मेमरीत) लिहायला एसप्रिंटएफ आणि एसएनप्रिंटएफ अशी दोन आहेत. दुसरंच वापरा. १९९९ च्या मानकात ते आलं आणि आता सगळीकडे मिळतं.

कॅर ओळ[३२];
डबल फॅट = ३.५५;
इन्ट लांबी = एसएनप्रिंटएफ(ओळ, साइझऑफ ओळ, "%.२एफ", फॅट);

(कॅर म्हणा की चार, कम्पायलरला फरक पडत नाही; कॉलेजागणिक उच्चार बदलतो.) एसटीडीआयओ डॉट एच ही हेडर फाइल जोडलेली हवी. यानंतर "ओळ"मध्ये ३.५५ ही चार अक्षरं आणि शेवटी एक शून्य बाइट, असे पाच बाइट भरतात. "लांबी"मध्ये ४ येतात. शेवटचा शून्य बाइट त्यात मोजलेला नसतो.

जुन्या एसप्रिंटएफला जागा किती आहे हे सांगायची सोयच नाही. "माझा आकडा कधी दहा अक्षरांच्या वर जाणार नाही" असं वाटतं, पण डबलमध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या साधारण १.८ गुणिले १० चा ३०८ वा घात इतकी आहे. "%एफ" ती बिनबोभाट सगळी लिहून काढतं: ३०९ अंक, दशांश चिन्ह आणि पुढे सहा अंक. वजा चिन्ह धरून ३१७ अक्षरं. तुमच्या आकड्यात एखादा बिघडलेला बाइट आला, की दहा अक्षरांच्या बफरशेजारची मेमरी गेली.

एसएनप्रिंटएफ बफरच्या बाहेर लिहीत नाही. पण त्याचाही एक सापळा आहे आणि तो पैशांत महाग पडतो. बिल १२३४५.५० रुपयांचं आहे आणि बफर चुकून पाच बाइटचा ठेवलाय. प्रोग्रॅम कोसळत नाही. बफरमध्ये येतं १२३४. अर्धवट तुटलेलं नाव वाचणाऱ्याला खटकतं, तुटलेला आकडा खटकत नाही, कारण तोही आकडाच दिसतो. म्हणून परत आलेली लांबी बघायचीच. पूर्ण स्ट्रिंगला जेवढी अक्षरं लागली असती तेवढा आकडा हे फंक्शन परत देतं, इथे ८. तो बफरच्या मापाएवढा किंवा त्याहून मोठा असेल तर स्ट्रिंग तुटली आहे; ऋण असेल तर काहीतरी बिनसलं आहे. दोन्ही वेळी पावती छापू नका.

हीच सोय उलटीही वापरता येते. बफरच्या जागी नल आणि मापाच्या जागी ० दिलं, की काहीही न लिहिता लागणारी लांबी कळते. त्यात एक मिळवून मॅलॉकने जागा घ्या आणि पुन्हा बोलवा.

हे काम वेगळ्या फंक्शनमध्ये टाकताना दोन चुका जवळजवळ प्रत्येकाच्या हातून होतात. पहिली, फंक्शनच्या आत ॲरे घोषित करून तोच परत पाठवणं. फंक्शन संपलं की ती जागा दुसऱ्या कुणाची. कधी बरोबर छापलं जातं, कधी नाही, आणि परीक्षकासमोर हमखास नाही. दुसरी, बफर पॅरामीटर म्हणून घेऊन आत साइझऑफ लावणं. तिथे तो ॲरे उरलेला नसतो, पॉइंटर झालेला असतो, आणि ६४ बिट यंत्रावर उत्तर ८ येतं. बफर आणि त्याचं माप, दोन्ही बोलावणाऱ्याकडूनच घ्या.

पायरी ३ : एफ, ई, जी

"%एफ" दशांश पद्धतीत लिहितं. स्थळं सांगितली नाहीत तर सहा देतं, ३.५५ चं ३.५५०००० होतं. "%.२एफ" म्हणजे दोन स्थळं. "%८.२एफ" म्हणजे किमान आठ अक्षरांची रुंदी, आकडा उजवीकडे. पावतीत रकाने एकाखाली एक यावेत यासाठी हीच रुंदी लागते. "किमान" हा शब्द लक्षात ठेवा, आकडा मोठा असेल तर तो रकाना फाडून बाहेर जातो. किती स्थळं हवीत हे प्रोग्रॅम चालताना ठरणार असेल तर अंकाच्या जागी तारा लिहा, "%.*एफ", आणि संख्येच्या आधी एक इन्ट द्या.

फ्लोट आणि डबल दोन्हींना "%एफ" चालतं, कारण अशा फंक्शनला पाठवताना फ्लोटचा आपोआप डबल होतो. स्कॅनएफमध्ये तसं होत नाही. तिथे डबलला "%एलएफ"च हवं. लाँग डबल असेल तर एल मोठ्या लिपीतला: "टक्का, मोठा एल, एफ".

"%ई" घातांक पद्धतीत लिहितं. प्रयोगशाळेच्या आकड्यांना ठीक, दुधाला नाही.

"%जी" दिसायला गोड आहे. ते शेवटची शून्यं गाळतं, ३.५० चं ३.५ करतं, म्हणून नवशिक्यांना ते लगेच आवडतं. पण ते दशांश स्थळं मोजत नाही, एकूण सार्थ अंक मोजतं, आणि तेही मुळात सहाच. महिन्याची एकूण रक्कम १२३४५६७.५ झाली की "%जी" छापतं १.२३४५७ई+०६. दूध संस्थेच्या सचिवांना ही रक्कम समजावून सांगण्याचा प्रसंग तुमच्यावर येऊ नये.

पायरी ४ : ३.५५ मुळात ३.५५ नसतं

आता त्या दोन पावत्यांकडे. खालचे आकडे स्वतः छापून बघा. वाचून पटत नाही, पाहिल्यावर पटतं. "%.२०एफ" वापरा.

३.४५ छापल्यावर दिसतं: ३.४५०००००००००००००१७७६४
३.५५ छापल्यावर दिसतं: ३.५४९९९९९९९९९९९९९८२२३६

आपण दशमान पद्धतीत एक तृतीयांश लिहायला गेलो तर ०.३३३ पुढे चालूच राहतं. द्विमान पद्धतीत हीच गत एक दशांशाची होते. छेद दोनचा घात असेल तरच अपूर्णांक नेमका बसतो: अर्धा, पाव, एक अष्टमांश. ३.५५ म्हणजे ७१ भागिले २०, आणि २० मध्ये ५ चा गुणक आहे, म्हणून तो नेमका कधीच बसणार नाही. त्याच्या शेजारची सर्वांत जवळची संख्या साठवली जाते. ३.४५ च्या नशिबी वरची शेजारीण आली, ३.५५ च्या नशिबी खालची.

मग "%.१एफ" म्हटल्यावर काय होणार? ३.४५ अर्ध्याच्या केसभर वर आहे, म्हणून वर ढकलली जाऊन ३.५. ३.५५ अर्ध्याच्या केसभर खाली, म्हणून खाली येऊन तीही ३.५. लायब्ररीने प्रामाणिकपणे जवळची संख्या दिली. दूध घालणाऱ्याच्या हिशेबात मात्र एक पॉइंट गेला, आणि दर पॉइंटवर ठरतो.

आणखी गंमत ३.६५ ची. डबलमध्ये ती किंचित खाली साठते, म्हणून ३.६ छापली जाते. तीच फ्लोटमध्ये ठेवली तर किंचित वर साठते आणि ३.७ छापली जाते. म्हणजे कुणीतरी "मेमरी वाचवू" म्हणून डबलचं फ्लोट केलं, तर पावत्या बदलतात आणि कोडमध्ये फरक शोधूनही सापडत नाही.

३.२५ आणि ३.७५ मात्र नेमक्या बसतात, कारण पाव आणि पाऊण. इथे खरी बरोबरी होते, आणि बरोबरीत लिनक्सवरची सी ची लायब्ररी, जीलिबसी, सम अंकाकडे झुकते: ३.२५ चं ३.२, ३.७५ चं ३.८. विंडोजवर पूर्वी अशा बरोबरीत नेहमी वर जायचं, म्हणजे ३.३ यायचं, विंडोज १० च्या २००४ या आवृत्तीपासून तिथेही आयईईईचा नियम लागू झाला. म्हणजे एकच प्रोग्रॅम जुन्या आणि नव्या संगणकावर वेगळी पावती देऊ शकतो. सम अंकाचा हा नियम दूध संघाच्या दरपत्रकात अर्थातच कुठे लिहिलेला नसतो.

यावर एक घरगुती इलाज सर्रास सांगितला जातो: छापण्याआधी ०.००००१ मिळवा. त्याने ३.५५ सुटते. पण आता ३.५४९९९५ लाही वरचा पॉइंट मिळतो. भोक बुजलं नाही, फक्त सरकलं. तात्पुरतं चालतं, आणि सहा महिन्यांनी ती ओळ कशासाठी आहे हे कुणालाच आठवत नाही.

पायरी ५ : हिशेब पूर्णांकात, टिंब छापताना

मला उलगडा व्हायला बराच वेळ लागला, आणि झाला तेव्हा हसू आलं. फॅटचं यंत्र सिरियल केबलमधून आकडा पाठवतं तो अक्षरांतच: '३', '.', '५', '५'. म्हणजे नेमका आकडा माझ्या हातात आला होता. मी त्याचा डबल केला, तो किंचित सांडला, आणि पुन्हा अक्षरं केली.

ज्या मोजमापाची दशांश स्थळं ठरलेली आहेत ते पूर्णांकात ठेवा. फॅट शंभरपटीत, ३५५. पैसे पैशांत, ४२७ रुपये ८० पैसे म्हणजे ४२७८०. डबल हाती आलंच असेल तर एलराउंडने जवळचा पूर्णांक घ्या:

लाँग श = एलराउंड(फॅट * १००);

मॅथ डॉट एच जोडा, आणि लिनक्सवर कम्पाइल करताना शेवटी "-एलएम" लिहा. एलराउंडऐवजी नुसतं इन्टमध्ये कास्ट केलंत तर फसाल. ४.३५ ला १०० ने गुणल्यावर उत्तर ४३४.९९९९९९९९९९९९९४ येतं आणि कास्ट शेपूट कापून ४३४ देतं.

आता एका दशांशावर आणायचं तर आपला नियम आपण लिहायचा. अर्धा असेल तर वर, असं दरपत्रक म्हणत असेल तर पाच मिळवून दहाने भागा: ३४५ चे ३५, ३५५ चे ३६. पावतीवर ३.५ आणि ३.६. एखादा संघ पुढचा अंक सरळ सोडून देत असेल तर पाच मिळवू नका. नियम काय आहे हे सचिवांना विचारा, लायब्ररीला नको.

रक्कम काढताना १२.४० लिटर म्हणजे १२४० आणि ३४.५० रुपये दर म्हणजे ३४५०. गुणाकार ४२७८०००, शंभराने भागून ४२७८० पैसे. शंभराने भागताना बाकी उरली तर तिचं काय करायचं, हाही वरच्यासारखाच आपण लिहायचा नियम. व्हेरिएबल लाँग लाँग ठेवा.

छापताना रुपये म्हणजे १०० ने भागाकार, पैसे म्हणजे बाकी. इथे मात्र फॉरमॅट "%एलएलडी.%०२एलएलडी" असा हवा. मधले ०२ विसरलात तर ३ रुपये ५ पैसे ३.५ असे छापले जातात, आणि वाचणारा साडेतीन समजतो. ही चूक मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की दुसऱ्याचा कोड तपासताना आधी हेच शोधतो.

ऋण रकमेचंही बघा. ५० पैशांची कपात म्हणजे -५०. भागाकार ०, बाकी -५०, आणि छापलं जातं "०.-५०". म्हणून चिन्ह आधी वेगळं काढा, संख्या धन करा, मग दोन तुकडे पाडा.

आपल्या पद्धतीचे स्वल्पविरामही याच टप्प्यावर घालायचे. प्रिंटएफला लाख-कोटी आपसूक कळत नाहीत. रुपयांची अक्षरं डावीकडून एकेक उचलत चला. अक्षर लिहिल्यावर मागे किती अंक उरले ते मोजा. उरलेले तीन किंवा जास्त असतील आणि ती संख्या विषम असेल तर स्वल्पविराम टाका. १२३४५६७ मध्ये २ नंतर पाच उरतात, ४ नंतर तीन, मिळतं १२,३४,५६७. एवढ्या एका अटीत काम होतं.

पायरी ६ : फाइलमध्ये ठेवून परत वाचायचं असेल तर

वरचं सगळं माणसाला दाखवण्यापुरतं. कधी संख्या फाइलमध्ये लिहून उद्या तीच, शेवटच्या बिटपर्यंत तीच, परत हवी असते. तिथे "%.१७जी" वापरा, फ्लोट असेल तर "%.९जी" पुरतं. सतरा सार्थ अंकांत कुठलंही डबल दुसऱ्यापासून वेगळं ओळखू येतं आणि अक्षरांतून संख्या वाचणारं एसटीआरटीओडी ते जसंच्या तसं परत बांधतं. दिसायला ते कुरूप असतं: ०.१ चं ०.१०००००००००००००००१, ३.५५ चं ३.५४९९९९९९९९९९९९९८.

पायथॉनमध्ये ०.१ लिहिलं की ०.१ च दिसतं ते कसं, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. ती भाषा परत तीच संख्या देणारी सर्वांत छोटी स्ट्रिंग शोधून काढते. सी मध्ये तुम्हीही शोधू शकता: १ पासून १७ पर्यंत अंक वाढवत जा, प्रत्येक वेळी परत वाचून मूळ संख्येशी ताडा, जुळलं की थांबा. हळू आहे, पण बरोबर आहे. हेच वेगाने करणं हा संशोधनाचा विषय झाला. १९९० मध्ये गाय स्टील आणि जॉन व्हाइट यांनी ड्रॅगन नावाची पद्धत मांडली, २०१० मध्ये फ्लोरियन लोइट्श यांची ग्रिसू आली, २०१८ मध्ये उल्फ ॲडम्स यांची ऱ्यू. एका टिंबासाठी तीस वर्षं!

संख्या फक्त प्रोग्रॅमनेच वाचायची असेल तर "%ए" आहे. ते सोळाच्या पायाच्या (हेक्साडेसिमल) पद्धतीत नेमकं लिहितं, पण डोळ्यांना काही कळत नाही.

पायरी ७ : न-संख्या आणि उणे शून्य

सरासरी फॅट काढताना त्या दिवशी दूधच आलं नसेल तर ० भागिले ०. दशांशात हे केल्यावर प्रोग्रॅम थांबत नाही, स्ट्रिंगमध्ये "नॅन" (नॉट अ नंबर, म्हणजे न-संख्या) येतं. इंटेलच्या यंत्रांवर बहुतेक वेळा "-नॅन". शून्याने दुसरं काही भागलं तर "इन्फ", म्हणजे अनंत. स्ट्रिंग करण्याआधी इजफायनाइट लावून बघा आणि तिथे एक आडवी रेघ छापा.

-०.००१ ला "%.२एफ" लावलं की -०.०० येतं. शून्य, पण उणे. बाकी शून्य असताना पावतीवर वजा दिसला की माणूस खिडकीशी येतो.

दशांश चिन्हाचं एक. सेटलोकेल बोलावून जर्मनीसारखा लोकेल (त्या देशाची आकडे लिहिण्याची पद्धत) लावला असेल तर प्रिंटएफ टिंबाऐवजी स्वल्पविराम देतं, आणि स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या फाइलचे रकाने एका फटक्यात बिघडतात. तुम्ही सेटलोकेल बोलावलं नाही तर टिंबच येतं, पण पडद्यावर खिडक्या, बटणं दाखवणारी एखादी जोडलेली लायब्ररी तुमच्या वतीने बोलावू शकते.

टर्बो सी आणि छोटे बोर्ड

निळ्या पडद्याचं टर्बो सी अजून कित्येक लॅबमध्ये आहे. तिथे एसएनप्रिंटएफ नाही, इन्ट १६ बिटचा, म्हणजे ३२७६७ च्या पुढे गेला की उलटतो. आणि कधी कधी प्रोग्रॅम "फ्लोटिंग पॉइंट फॉरमॅट्स नॉट लिंक्ड" म्हणून मध्येच मरतो. तुमचं काही चुकलेलं नसतं. मेमरी वाचवण्यासाठी दशांश छापण्या-वाचण्याचा भाग लिंकर गरज दिसली तरच जोडतो, आणि कधी कधी त्याला गरज दिसत नाही. कुठेतरी एक साधं फ्लोट व्हेरिएबल वापरलं की बहुधा भागतं. त्याहून चांगलं म्हणजे घरी जीसीसी टाका.

आर्डुइनो उनोवरही हीच काटकसर. तिथे ३२ किलोबाइट फ्लॅश आणि २ किलोबाइट रॅम, म्हणून एसएनप्रिंटएफला "%एफ" दिलं की स्ट्रिंगमध्ये नुसतं प्रश्नचिन्ह येतं. तिथे डीटीओएसटीआरएफ नावाचं फंक्शन आहे: आधी संख्या, मग किमान रुंदी, मग दशांश स्थळं, शेवटी बफर. ते बफरचं माप विचारत नाही, जागा तुम्हीच बघा. त्या बोर्डवर डबलही चारच बाइटचं असतं, म्हणजे साधारण सात अंकांपर्यंतच भरवसा. पायरी ५ ची पूर्णांकांची पद्धत इथे सर्वांत स्वस्त पडते.

इंटरनेटवर एफटीओए, जीसीव्हीटी, एफसीव्हीटी अशी नावं सापडतील. पहिलं मानक सी मध्ये कधीच नव्हतं, बाकीची जुनी आहेत आणि पॉझिक्स या मानकाने २००८ मध्ये काढून टाकली. नव्या सी २३ मध्ये एसटीआरफ्रॉमडी आलं आहे. जीलिबसीत ते २०१७ पासून आहे. ते एकाच संख्येची स्ट्रिंग करतं, त्याला बफरचं मापही लागतं आणि फॉरमॅटही. हाताशी असेल तर वापरा, नसेल तर एसएनप्रिंटएफने काही अडत नाही.

मराठी अंक हवे असतील

पावतीवर मराठी अंक हवेत अशी मागणी येतेच. संख्येची स्ट्रिंग नेहमीप्रमाणे तयार करा आणि अगदी शेवटी अंक बदला. यूटीएफ-८ मध्ये देवनागरी अंक तीन बाइटचा असतो: पहिला २२४, दुसरा १६५, तिसरा १६६ अधिक तो अंक. म्हणजे ० चा तिसरा बाइट १६६ आणि ९ चा १७५. अक्षर अंक असेल तर हे तीन बाइट लिहा, टिंब, स्वल्पविराम आणि वजा जसेच्या तसे ठेवा. नवा बफर जुन्याच्या तिप्पट घ्या.

यानंतर त्या स्ट्रिंगला "%८एस" लावू नका. ती रुंदी बाइटमध्ये मोजली जाते, अक्षरांमध्ये नाही. ३.५५ चे मराठी अंक म्हणजे नऊ आणि टिंबाचा एक, दहा बाइट. आठच्या रकान्यात एकही मोकळी जागा भरली जात नाही आणि सगळे आकडे डावीकडे चिकटतात. मोकळ्या जागा आधी, इंग्रजी अंक असतानाच, "%८.२एफ"ने भरून घ्या आणि मग अंक बदला, मोकळी जागा मोकळीच राहते. मी हे उलट क्रमाने केलं होतं. थर्मल प्रिंटरमधून निघालेल्या पहिल्या पावतीवर लिटर, फॅट आणि दर एकमेकांना चिकटून आले, आणि रांगेतल्या पहिल्या आजोबांनी ती उलटीसुलटी करून विचारलं, "यातली फॅट कुठली आन् दर कुठला?"